काकूंच्या पायाखालचं पाणी

इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कुणी विचारलं की माझी आई सांगते, "ऋजुता ऑटोमोटिव्हमध्ये आहे." समोरच्याला वाटतं, मी कुठल्या तरी मोठ्या कंपनीत काँप्युटरवर गाड्यांची डिझाइनं करत असेन. आई तिथेच थांबते, मीही थांबते आणि विषय चकलीच्या भाजणीवर जातो. मंडळाच्या या अंकाच्या संपादक काकूंनी मात्र पिच्छा सोडला नाही. "नक्की काय करतेस ते लिहूनच दे," म्हणाल्या. तोंडी सांगायचं नव्हतं, म्हणून हो म्हटलं.

तर मी टोरांटोजवळच्या हॅमिल्टनमधल्या एका लहानशा गॅरेजमध्ये मेकॅनिक आहे. गाड्यांची बाकीची कामंही करते, पण माझं खास काम म्हणजे गाडीच्या आत पाणी कुठून शिरतं ते शोधणं. गाडीखाली गळणारं पाणी सगळ्यांना दिसतं, त्यासाठी माझी गरज नसते. माझ्याकडे येणारे लोक म्हणतात, कार्पेट ओलं लागतंय, कुबट वास येतोय, विंटरमध्ये काचेवर आतून बर्फ धरतोय. पाणी आत येतं हे त्यांना माहीत असतं. येताना कुणीच पाहिलेलं नसतं.

आमच्या गॅरेजचा मालक सॅल. त्याचे आईवडील इटलीहून आलेले, तो इथेच जन्मला. त्याचे गुडघे आता वाकत नाहीत, म्हणून डॅशबोर्डखाली डोकं घालून पडून राहायचं काम माझ्याकडे आलं. माझं नाव त्याला जमत नाही. तो मला 'किड' म्हणतो आणि मी काही म्हणत नाही.

पद्धत सोपी आहे. आधी वास घ्यायचा. इंजिनातलं पाणी गोडसर वासाचं आणि बोटाला चिकट लागतं. पावसाच्या पाण्याला न वाळलेल्या मोज्यांचा वास येतो. मग सीट काढायची, कार्पेट उचलायचं, खालचा स्पंज दाबून बघायचा. जिथे जिथे पत्रे जोडलेले असतात तिथे बेबी पावडर भुरभुरवायची, म्हणजे थेंब ओघळला की त्याची वाट उमटते. मग एकाने बाहेरून बारीक धारेने पाणी सोडायचं आणि एकाने आत टॉर्च घेऊन बसायचं. पाणी नेहमी खालून वर न्यायचं. आधी दाराचा उंबरठा, मग दार, मग काच, टप सगळ्यात शेवटी. वरून सुरुवात केली तर एकदम सगळंच ओलं होतं आणि पहिलं कोण भिजलं ते कळत नाही.

आत बसणारी मी असते. दारं बंद, काचा वर, बाहेर पाण्याचा आवाज आणि हातात टॉर्च. कुणी आपल्याशी बोलू शकत नाही आणि आपण बोलावं अशी कुणाची अपेक्षाही नसते. ही नोकरी का आवडते, असं विचारलं की मी दुसरंच काहीतरी सांगते. खरं उत्तर हे आहे.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. एका बाईंनी कुत्र्याबद्दल शेवटपर्यंत तोंड उघडलं नाही. कार्पेटवर मात्र कुत्र्याचे केस होते आणि वास पावसाचा नव्हता. पुण्याहून नुकतंच आलेलं एक जोडपं फेब्रुवारीत आलं. नवी कोरी गाडी, तरी चारही सीटपुढे पाणी. त्यांनी रबरी मॅट "खराब होतील" म्हणून काढून डिकीत ठेवल्या होत्या. मी विचारलं, "बसताना बुटांचा बर्फ झटकता का?" नवरा म्हणाला, "तो झटकायचा असतो?" बायको इतकी हसली की मलाही हसू आलं. आणि इथल्याच लंडन नावाच्या गावाकडून एक शेतकरी पिकअप घेऊन आला होता, त्याचं पाणी मला कधीच सापडलं नाही. त्याने टोपीला हात लावून थँक्यू म्हटलं आणि ओली गाडी घेऊन गेला. तसली पिकअप हायवेवर पुढे दिसली की अजून मी तिच्या मागच्या काचेच्या कडा बघत राहते.

पण मला सांगायचंय ते कारखानीसकाकांच्या गाडीबद्दल. त्यांची आणि काकूंची परवानगी घेतली आहे. काकू म्हणाल्या, "लिही, पण माझा दोष फार मोठा करू नकोस."

२०१७चा एप्रिल, ईस्टरच्या आधीचा आठवडा. एक चंदेरी सेडान आमच्या आवारात आली आणि त्यातून काका-काकू उतरले. मंडळात त्यांना सगळे ओळखतात. काका सत्तरच्या दशकात इथे आले आणि स्टीलच्या कारखान्यात मेटलर्जिस्ट म्हणून निवृत्त झाले. दर रविवारी ते मंडळातल्या तीन आजी-आजोबांना घरून उचलतात, नाश्त्याला नेतात आणि परत सोडतात. त्या तिघांची मुलं टोरांटोत आणि त्याच्याही पलीकडे. काकांची गाडी नसली तर त्यांचा रविवार घरातच.

काकांनी गाडी लॉक केली आणि ऑफिसकडे निघाले. अर्ध्यातून परत गेले, काकूंच्या बाजूच्या काचेवर तळवा दाबून पाहिला. परत निघाले आणि परत मागे गेले. काकू जमिनीकडे बघत उभ्या होत्या.

"तू वैशालीची मुलगी ना गं?" काकांनी मला पाहून विचारलं. "ऑटोमोटिव्हमध्ये आहेस असं ऐकलं होतं. मला वाटलं..."

"सगळ्यांना तसंच वाटतं, काका."

ते हसले. काकू हसल्या नाहीत. "माझ्या पायाखाली तळं झालंय," त्या म्हणाल्या. "मोजे पिळावे लागतात. निखिल म्हणतो, बाबाच काच उघडी टाकतात."

"हिला गाडी लागते," काका म्हणाले. "म्हणून तिची काच उघडी ठेवतो. घरी आलो की लावतो. म्हणजे, मला वाटतं मी लावतो."

निखिल हा त्यांचा मुलगा, दूर लव्हाल शहरात असतो. काकूंनी थोडक्यात सांगितलं ते असं. गेल्या वर्षी एकदा स्टोव्ह चालू राहिला. एकदा घराच्या किल्ल्या फ्रिजमध्ये सापडल्या. त्यात फेब्रुवारीपासून दर थोड्या दिवसांनी गाडीत पाणी. निखिलने फोनवर सांगून टाकलं होतं की ईस्टरला तो येईल आणि परत जाताना गाडी घेऊन जाईल. बाबांनी आता ड्रायव्हिंग थांबवावं.

काकू वॉशरूमला गेल्या तेव्हा काका माझ्याजवळ आले. "हे बघ, काही नाही सापडलं तर सरळ सांग. मी किल्ली देऊन टाकीन. पण मला बरं वाटावं म्हणून काहीतरी शोधून काढू नकोस. मी आयुष्यभर टेस्ट रिपोर्ट वाचलेत, मला कळेल."

मी मान हलवली.

कार्पेट उचललं तर खालचा स्पंज गच्च भिजलेला होता. वास पावसाच्या पाण्याचा. सीट मात्र कोरडी, दाराच्या आतल्या बाजूलाही पाण्याचा ओघळ नाही. काच उघडी राहिली असती तर आधी सीट भिजायला हवी होती. सॅल म्हणाला, "सीट उन्हात वाळते, किड. स्पंज नाही वाळत. हे प्रूफ नाही." बरोबर होतं त्याचं. मग मी आत बसले आणि सॅलने पाइप धरला, खालून वर, शांतपणे, अगदी टपापर्यंत. मी टॉर्च मारून वाट बघत राहिले. पावडर जशीच्या तशी. एक थेंब नाही.

"नो लीक," सॅल म्हणाला.

मी काकांना सरळ सांगितलं. ते "बरं," म्हणाले. टोपी हातात होती, ती त्यांनी डोक्यावर घातली, काढली, परत घातली. "थँक्यू बाळ," म्हणाले आणि गाडीकडे निघाले. काकू आधीच आत बसल्या होत्या, कार्पेट अजून दमट म्हणून दोन्ही पाय वर उचलून. काकांनी बसायच्या आधी त्यांच्या काचेवर तळवा दाबला.

मी सहसा गिऱ्हाइकाच्या मागे जात नाही. त्या दिवशी गेले. "काका, घरी गाडी कुठे लावता?"

"ड्राइव्हवेत."

"घरच्या गराजमध्ये नाही?"

"गराजमध्ये गणपतीचं मखर आहे," काकू आतून म्हणाल्या. "मंडळाचं. शिवाय मंडळाच्या घड्या घालायच्या खुर्च्या, मोठी पातेली, सगळं. आमच्याकडे तात्पुरतं ठेवलंय, मुलगा शाळेत होता तेव्हापासून."

"आणि बेसमेंटमध्ये एक स्टुडंट भाड्याने आहे," काका म्हणाले. "त्याची गाडी निघायला जागा हवी, म्हणून मी उजवी चाकं लॉनवर चढवतो."

"चढवतात कसली, उतरवतात," काकू म्हणाल्या. "लॉन उताराचं आहे. गाडी माझ्या बाजूला अशी कलते की उतरताना मी दाराला लोंबकळते."

मी मागे वळून आमच्या गॅरेजच्या फरशीकडे पाहिलं. सपाट, गुळगुळीत.

सॅलला सांगितलं तेव्हा त्याने पाइप गुंडाळून ठेवला. मग म्हणाला, "गो. गाडी जिथे भिजते तिथे जाऊन बघ."

शनिवारी मला सुट्टी होती. माझा टूलबॉक्स घेऊन मी काकांच्या घरी गेले. हॅमिल्टनमध्ये ज्या टेकाडाला सगळे माउंटन म्हणतात, त्याच्यावर त्यांचं घर. गाडी लॉनवर कललेली होती, काकूंनी सांगितलं होतं त्याहून जास्त. शेजारी ईस्टरसाठी आलेला निखिल कॉफीचा कप घेऊन उभा.

"सो यू आर द मेकॅनिक," तो म्हणाला. वाईट स्वरात नाही, दमलेल्या स्वरात. "लुक, आय नो तुम्ही सगळे बाबांना खूप मानता. बट ही इज सेव्हंटी-सिक्स."

मी टूलबॉक्स खाली ठेवला.

बाहेरचा नळ विंटरमध्ये गोठू नये म्हणून आतून बंद केलेला होता आणि पाइप गराजमध्ये, मखराच्या मागे कुठेतरी. काकू आत जाऊन कुंड्यांना पाणी घालायची झारी घेऊन आल्या. झारी बघून निखिलने डोळे मिटले. मला मात्र झारी चांगलीच वाटली. पाऊस पाइपसारखा पडत नाही, झारीसारखा पडतो.

आता नेहमीप्रमाणे मी आत बसायचं. दाराला हात लावला तेव्हा वाटलं, मला थेंब दिसला आणि मी बाहेर येऊन सांगितलं तर हा निखिल काय म्हणेल? मराठी मंडळातली मुलगी, काकांसाठी चांगलं बोलतेय. आणि काकांनी तर बजावून ठेवलं होतं. मी टॉर्च निखिलपुढे धरली. "तुम्ही आत बसा. मला वायपरपाशी थांबायला लागेल."

हे काही फार खरं नव्हतं. पण पहिल्यांदाच मी माझी जागा दुसऱ्या कुणाला दिली.

तो आत बसला. ग्लोव्ह बॉक्सच्या खाली कुठे बघायचं ते मी दाखवलं. चारही काचा त्यालाच बटण दाबून नीट वर करायला लावल्या, मग काकांनी किल्ली काढून खिशात टाकली आणि मी दार लावलं.

काकांनी झारी उचलली. "खालून वर," मी म्हटलं. भरलेली झारी जड होती, त्यांनी ती दोन्ही हातांनी धरली. निखिल काचेतून ते बघत होता. मग त्याने फोन काढला. उंबरठा झाला, दार झालं, आरसा झाला. काकू स्वयंपाकघरातून बादली भरून आणत होत्या. मग आम्ही विंडशील्डच्या पायथ्याशी आलो, वायपर जिथून निघतात तिथे. एक झारी रिकामी झाली. काही नाही. काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही, परत भरली. सावकाश ओतली.

निखिलचा फोन खाली गेला. तो वाकला. बराच वेळ त्याचं डोकं वर आलं नाही. मग एकदम सरळ बसून त्याने काचेवर थापा मारायला सुरुवात केली.

"काय म्हणतोय?" काकांनी विचारलं.

"काच खाली कर म्हणावं," काकू म्हणाल्या.

"किल्ली माझ्याकडे आहे," काका म्हणाले.

आत निखिल तोंड हलवत होता आणि ओला हात दाखवत होता. काकांनी झारी नीट खाली ठेवली आणि दार उघडलं.

"इट्स कमिंग इन," निखिल म्हणाला. "बाबा, इट्स कमिंग इन. माझ्या शूजवर पडलं. आणि विंडोज तर क्लोज्ड आहेत."

"हो," काका म्हणाले. "मी बाहेरून बघतोय. बंद आहेत."

वायपरच्या खाली एक काळी प्लास्टिकची जाळी असते. तिच्या खाली कौलारू घराला असते तशी पन्हळ. काचेवरून येणारं पाणी पन्हळीत पडतं आणि दोन्ही टोकांच्या भोकांतून खाली रस्त्यावर जातं. त्याच पन्हळीजवळ, उजव्या बाजूला, म्हणजे इथे ड्रायव्हरशेजारी बसणाऱ्याच्या बाजूला, आतल्या पंख्याला हवा घेणारं तोंड असतं. उजवं भोक तुंबलं तरी सपाट जागी डाव्या भोकातून पाणी निघून जातं, गॅरेजमध्ये तेच झालं होतं. गाडी उजवीकडे कलली की पाण्याला डावीकडे जाता येत नाही. ते साचतं, हवेच्या तोंडापर्यंत चढतं आणि काकूंच्या पायांवर उतरतं.

मी वायपर काढले, जाळी उचलली. या पन्हळींमधून मी आजवर पाइनच्या काड्या, खारीने साठवलेले अक्रोड आणि एक प्लास्टिकचा डायनासोर काढला आहे. इथे उजव्या टोकाला मेपलच्या पानांचा काळा चिखल होता, आणि त्यात पांढरट गुलाबी असा घट्ट लगदा. बोटाने फोडला तर आत दाणे. लगद्यात वाळलेल्या केशरी पाकळ्या अडकल्या होत्या. आणि मधोमध, इंजिनाच्या उबेत, कातरलेल्या पानांचं एक हिरवं रोप उभं होतं.

काकू बादली घेऊन आल्या आणि थांबल्या.

"या अक्षता आहेत," त्या म्हणाल्या.

त्यांनी बादली खाली ठेवली.

"दसऱ्याला पूजा करते ना गाडीची. बॉनेटवर झेंडूची फुलं ठेवली तर हायवेवर उडून जातात, कुणाच्या चाकाखाली जातात. म्हणून मी नीट तिथे फटीत खोचते. अक्षताही तिथेच घालते. राहाव्यात म्हणून."

"राहिल्या," काका म्हणाले. "सगळ्या राहिल्या. म्हणजे तू इतकी वर्षं माझ्या गाडीत शेती करत होतीस."

"तुमच्याच रक्षणासाठी करत होते."

"माझी किल्ली जात होती, सुमन."

ते विनोदाच्या सुरातच बोलले होते, पण काकूंनी पदर तोंडाशी नेला. मग काका गाडीला टेकून उभे राहिले आणि निखिलला म्हणाले, "स्टोव्ह मीच चालू ठेवला होता. किल्ल्या फ्रिजमध्ये मीच ठेवल्या. ते खरं आहे. पण काच मी लावत होतो."

"येस, बाबा," निखिल म्हणाला. "यू वेअर." मग थोड्या वेळाने, "आय ॲम सॉरी."

"तू बूट बदल. ओले झालेत."

भोक मोकळं करायला मला फार वेळ लागला नाही. परत झारीभर पाणी ओतलं, ते गाडीखाली लॉनवर खळखळत पडलं आणि ते बघायला तिघंही वाकले. कार्पेट काढून आम्ही डेकच्या कठड्यावर वाळत टाकलं. काकू ते दर थोड्या वेळाने उलटवून येत होत्या, वाळवणासारखं. रोप मी चिमटीत धरून उपटलं होतं, ते फेकणार तेवढ्यात निखिलने मागून घेतलं आणि दह्याच्या रिकाम्या डब्यात लावलं. जेवायला थांबावंच लागलं. जेवताना निखिल म्हणाला, रात्री हायवेवर नको, बाबा. काका म्हणाले, बरं. इतकंच ठरलं. किल्ली काकांच्या खिशातच राहिली आणि निखिल सोमवारी ट्रेनने लव्हालला गेला.

सॅलला तांदळाचं सांगितलं तेव्हा त्याने विचार केला. "माझ्या आईने डॅशबोर्डवर एका संताचा छोटा पुतळा चिकटवला होता," तो म्हणाला. "त्याने कधी ड्रेन तुंबवला नाही." तेव्हापासून कुणी देशी गिऱ्हाईक ओलं कार्पेट घेऊन आलं की तो माझ्याकडे बघून फक्त विचारतो, "राइस?" मी घरी जाऊन आमच्याही गाडीची जाळी उघडली होती. नुसती पानं होती, आणि एक सुपारी. आईला मी अजून सांगितलेलं नाही. हे छापून आलं की कळेल.

त्या वर्षी मंडळाच्या दसऱ्याला मी हॉलच्या पार्किंगमध्ये उभी होते. लगेच आत जायचं माझ्या जिवावर येतं, म्हणून थोडा वेळ मी गाड्या बघत राहते. काकांची सेडान आली. तिघं आजी-आजोबा मागून उतरले. काकांनी दार लावलं, लॉक केलं आणि एकदाही मागे न बघता, गप्पा मारत हॉलमध्ये निघून गेले.

काकूंच्या बाजूची काच पूर्ण खाली होती.

काकांना हाक मारायची, तर सगळ्यांसमोर. नाही मारायची, तर निखिल बरोबर होता असं होणार. मी नुसतीच गाडीपाशी जाऊन उभी राहिले.

"बघतेस काय," मागून काकू आल्या. हातात श्रीखंडाचा डबा होता. "काच मीच उघडी ठेवायला सांगितलीय. या वर्षी पूजा आतच केली. उदबत्तीचा धूर कोंडला, सगळ्यांना ठसका लागला."

डॅशबोर्डवर एका वाटीत झेंडूचं एकच फूल होतं, दह्याच्या डब्यातल्या रोपाचं. अक्षता वाटीतच होत्या, मोजून ठेवल्यासारख्या.

"आता चालेल ना असं?" काकूंनी विचारलं.

"चालेल, काकू."

त्या पुढे गेल्या. आभाळ स्वच्छ होतं, पावसाचं काही चिन्ह नव्हतं. तरी मी उघड्या काचेतून आत हात घातला आणि त्यांच्या पायाखालचं कार्पेट दाबून बघितलं. कोरडं होतं. मग मीही आत गेले.